घरातला शिधा संपत आला की मुलं शाळेत का येत नाहीत? (ठाणे-नवी मुंबई)

वर्गशिक्षिका_दिघा

नमस्कार मंडळी. मी इथे बराच काळ वाचनमात्र आहे. हा विषय शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात काढला की दोन मिनिटांत परिपत्रकांवर जातो आणि तिथेच विरतो. इथे रेशनचं काम करणारे, बाजारात वाढलेले, आकडेवारीतले असे सगळे आहेत, म्हणून धागा काढते आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून डोंगराकडे वळलं की दिघा, इलठणपाडा, यादवनगर, चिंचपाडा या वस्त्या लागतात. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं तिथली. आईवडील एमआयडीसीत ठेकेदाराकडे, नाक्यावर, नाहीतर ऐरोलीच्या सोसायट्यांत घरकामाला. हजेरीपट आम्ही रोज भरतो, पण वाचत नाही. दिवसाचा रकाना भरला, खाली बेरीज टाकली की झालं. मी एकेका मुलाची ओळ आडवी वाचायला लागले, पान उलटून मागचे महिनेही, तेव्हा गैरहजेरीला एक ठरलेली चाल दिसली. वीस-बावीस तारखेनंतर ती वाढत जाते आणि ठेकेदाराचे पगार होईपर्यंत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेपर्यंत टिकते. मुलं तीच ती. सलग कधीच नाही. एक दिवस, मग दोन दिवस, मध्येच पुन्हा एक. पगारानंतरच्या आठवड्यात तीच मुलं पूर्ण हजर.

कारण विचारलं तर पोटात दुखत होतं, गावाहून पाहुणे आले होते, आईने थांबवलं. घरात काही नव्हतं असं एकाही मुलाने मला सांगितलेलं नाही, आणि त्याने ते सांगावं अशी माझी अपेक्षाही नाही. घराची अब्रू मुलं आपल्यापेक्षा जास्त सांभाळतात.

आयांशी बोलल्यावर जे कळलं ते असं, की चूल बहुतेक घरांत रोज पेटते. पण महिनाअखेरीला भाजी बंद होते, डाळ पातळ होत जाते, सकाळचा चहा-खारी सुटतो, आणि मग आई स्वतःचं एक जेवण सोडते. मुलाच्या ताटाला सगळ्यात शेवटी कात्री लागते. शाळेला मात्र त्याच्या खूप आधी. आई पहाटेचं एक जादा काम धरते, म्हणून मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. रेशनवर माल आल्याचं कळतं, म्हणून कुणीतरी रांगेत उभं राहायला लागतं. गॅस संपलेला असतो आणि किलोवर भरून आणायलाही पैसे नसतात, म्हणून धान्य असूनही सकाळी काही शिजत नाही. काही आया मुलाला सकाळी उठवतच नाहीत. उठला की खायला मागणार. त्यापेक्षा उशिरापर्यंत झोपला तर एकदाच जेवेल, असा हिशोब. हा हिशोब करणाऱ्या बाईला "तुम्हाला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या मोजणीत हे मूल कुठेच येत नाही. शाळाबाह्य कोण, तर जे दाखल नाही किंवा सलग महिनाभर गैरहजर आहे. महिन्याला पाच-सहा दिवस चुकवणारं मूल पटावर आहे, आधारशी जोडलेलं आहे, वर्षाअखेरीस पासही होतं. पण वर्षाचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याने वर्गाबाहेर काढलेला असतो, आणि तेही तुकड्यांत. भागाकार सुरू झाला तेव्हा नव्हतं, अपूर्णांक सुरू झाले तेव्हा नव्हतं.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाबद्दल, म्हणजे खिचडीबद्दलही बोलते, कारण तिची थट्टा करणारे मला खूप भेटतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. केवळ त्या ताटासाठी येणारी मुलं माझ्या ओळखीची आहेत आणि ती येतात याचा मला आनंद आहे. आल्यावर शिकतातच. पण सकाळच्या सत्रात शाळा सातला भरते आणि खिचडी येईपर्यंत मधले काही तास तसेच जातात. परिपाठाला घेरी येऊन बसणारी मुलं याच तासांतली. आणि आठवी संपली की ताटच बंद. नववीच्या हजेरीपटात त्याच मुलांच्या ओळी मी पाहिल्या आहेत. आठवीपर्यंत जे महिनाअखेरीला दिसायचं ते नववीत महिनाभर दिसतं.

तुमच्या भागात काय दिसतं, रेशनच्या बाजूने कुठे अडतं, आणि यावर कुणी नीट अभ्यास केला आहे का, हे मला ऐकायचं आहे.

---

नेरुळकर

कळकळ पोचली. एक वेगळी बाजू मांडतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी टीव्ही आहे, दोन स्मार्टफोन आहेत, रिचार्ज कधी चुकत नाही. धान्य सरकार फुकट देतं, शाळेत जेवण फुकट, पुस्तकं-गणवेश फुकट. तरी मूल शाळेत जात नसेल तर अन्न हे कारण वाटत नाही. नवऱ्याची दारू, घरातलं दुर्लक्ष, मुलांचं फोनचं वेड ही कारणं जास्त खरी वाटतात. मूळ कारण चुकलं तर उपायही चुकेल, एवढंच म्हणणं.

---

माथाडीपुत्र

नेरुळकर, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, कारण मी तुर्भे स्टोअरला वाढलो.

फोन आधी. नाका कामगाराला काम फोनवर मिळतं. आईला "उद्या लवकर ये" हा निरोप फोनवर येतो. रिचार्ज संपला तर दुसऱ्या दिवशीचा रोज गेला. म्हणून पोटाला चिमटा काढून रिचार्ज भरतात. टीव्ही बहुतेक घरांत हप्त्यावर नाहीतर कुणाचातरी जुना. एकदा घेतलेली वस्तू विकून किती दिवस जेवणार?

दारूचं खरं आहे, वस्तीत आहे. पण दारू न पिणाऱ्या बापाच्या घरीही महिनाअखेर तशीच असते. माझे वडील वाशीच्या मार्केटला, कांदा-बटाट्यात. माथाडी बोर्डात नाव असलेल्याची गोष्ट वेगळी, त्याला पगार, फंड, दवाखाना आहे. त्याच्याच बाजूला टोळीत बदली म्हणून गोणी उचलणाऱ्याला यातलं काही नाही. पाठ धरली की घर बसलं. तेव्हा आम्ही भावंडं पहाटे मार्केटला जायचो. गाडी खाली होताना सांडलेला, थोडा दबलेला बटाटा-कांदा गोळा करायचा. चांगला घरी, उरलेला नाक्यावर वाटे लावून विकायचा. हे सगळं करून सकाळच्या शाळेला पोचता येत नाही. पोचलो तरी उशीर झाला म्हणून बाहेर उभं राहायचं. मग त्यापेक्षा न गेलेलं बरं वाटायचं.

आणखी एक सांगतो, शिक्षकांच्या नजरेत येत नसेल. उधारीची वही घेऊन दुकानात मुलाला पाठवतात. मोठ्या माणसाला दुकानदार चारचौघांत बोलतो, लहान पोराला सहसा थोडं तरी देतो. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जायचं, गिऱ्हाईक जमायच्या आत. नेमकी शाळेची वेळ. मी किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पण वर्गात बाईंनी "काल का नाही आलास" विचारल्यावर काय सांगायचं हे चालत येतानाच ठरवत यायचो, ते लक्षात आहे.

वर्गशिक्षिका ताई, तुम्ही ओळ आडवी वाचली हे फार बरं केलंत.

---

आकडेमोड

अभ्यास आहेत, मला नीट माहीत असलेले तेवढेच सांगतो.

आधी मोजमाप. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक पट्टी आहे. पहिला प्रश्न फक्त काळजीचा: पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी चिंता वाटली का? मग पौष्टिक खाता आलं का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एखादं जेवण टाळावं लागलं का, असं करत शेवटचा प्रश्न: अख्खा दिवस न खाता काढावा लागला का? म्हणजे असुरक्षितता काळजीपासून सुरू होते. ताईंनी वर्णन केलेली भाजी बंद, डाळ पातळ, आईचं जेवण ही उतरण या प्रश्नांशी जुळते. नेरुळकर बघतायत ती शेवटची पायरी, आणि तिथपर्यंत फार थोडी घरं जातात. शाळेवरचा परिणाम मधल्या पायऱ्यांवरच सुरू होतो.

इथिओपियात जिम्मा भागात किशोरवयीन मुलांचा अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध. अन्नाची खात्री नसलेल्या घरांतली सुमारे ३३ टक्के मुलं शाळेत गैरहजर आढळली, खात्री असलेल्या घरांतली १८ टक्क्यांच्या आसपास. खात्री नसलेल्या घरांतल्या मुलांनी गाठलेली इयत्ताही कमी होती. देश वेगळा, शेतीवर जगणारी घरं जास्त, म्हणून आकडा उचलून दिघ्याला लावता येणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

भारतात फरजाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात कोरडं धान्य देणं थांबवून शिजवलेलं जेवण सुरू झालं तेव्हा काय झालं ते पाहिलं. खालच्या वर्गांतल्या मुलींची हजेरी सुमारे १२ टक्के बिंदूंनी वाढली. घरी धान्य नेण्यापेक्षा शाळेत ताट वाढल्याने मुलं शाळेत येतात, एवढं त्यातून ठामपणे म्हणता येतं. आंध्र-तेलंगणातल्या मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा करणाऱ्या 'यंग लाइव्ह्ज' प्रकल्पाच्या माहितीवरून असंही दिसलं की अगदी लहान वयातली आणि दीर्घकाळ टिकलेली अन्न-असुरक्षितता बाराव्या वर्षी वाचन-गणितात दिसते. पहिलीत दाखल होण्याआधीच काही नुकसान झालेलं असतं.

नेरुळकरांच्या शंकेत शास्त्रीय तथ्य आहे, ते सोडून देऊ नये. गरीब घरात अन्न कमी असतं, आजार जास्त असतो, घर लहान असतं, बाप कामावर नसतो, सगळं एकत्र. यातलं अन्नामुळे किती आणि बाकीच्यामुळे किती हे वेगळं काढणं अवघड. पण ताईंच्या हजेरीपटात एक चांगली सोय आहे. त्याच मुलाची पगारानंतरच्या आठवड्यातली आणि पगाराआधीच्या आठवड्यातली हजेरी त्यांनी शेजारी ठेवली. बाप तोच, घर तेच, सवयी त्याच. बदलला तो फक्त डब्यातला शिधा आणि खिशातला पैसा. दुर्लक्ष हे कारण असतं तर ते तारीख बघून आलं नसतं.

---

कळव्याची_सुगरण

माझी मुलगी टाइप करतेय, मी सांगते.

आमच्या बचत गटाने शाळांना खिचडी पुरवायचं काम केलंय, मी स्वतः वाटायलाही जायचे. सोमवारी भांडं लवकर रिकामं होतं. रविवारी शाळा नसते ना. सोमवारी पोरं दुसऱ्यांदा मागतात, तिसऱ्यांदाही मागतात. शुक्रवारी एवढं मागत नाहीत. मोठी सुट्टी संपून शाळा उघडली की पहिले काही दिवस असंच. मापाचा तांदूळ वजन करून येतो, त्यामुळे सोमवारी जास्त टाकता येत नाही. मी डाळ थोडी पातळ करून भांडं वाढवायचे, काय करणार.

आणि खिचडी डब्यात भरून नेणारी पोरं असतात, धाकट्या भावंडासाठी. नियमात बसत नाही, सगळं शाळेतच खायचं. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. ज्या दिवशी कुणी ओरडून डबा रिकामा करायला लावला, ते पोर दुसऱ्या दिवशी आलं नाही. बाई, पोरं जेवणाला येतात आणि अपमान झाला की जेवण सोडून जातात. एवढं वर सांगा कुणालातरी.

---

शिधा_मदतकेंद्र

लोकमान्यनगर-किसननगर पट्ट्यात रेशनकार्डाच्या अर्जांना मदत करतो. नेरुळकर, "धान्य सरकार फुकट देतं" हे अर्धंच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

फुकट धान्य २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली. अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. प्राधान्य कुटुंब कोण, तर आपल्या राज्यात शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांपर्यंत. महिन्याला पाच हजारांपेक्षा कमी! ठाण्यात पत्र्याच्या एका खोलीच्या भाड्यालाही ते पुरत नाही. नवरा नाक्यावर आणि बायको दोन घरची भांडी करत असेल तरी ते कुटुंब कागदोपत्री या मर्यादेच्या बाहेर. खरं उत्पन्न लिहिलं तर धान्य नाही, कमी लिहिलं तर पुढे पडताळणीची भीती. लाखाच्या वर गेलं तर शुभ्र कार्ड, त्यावर धान्यच नाही.

मर्यादेत बसलं तरी पुढचा अडसर इष्टांकाचा. राज्याला सुमारे ७ कोटी लाभार्थींची मर्यादा ठरवून दिली आहे, तीही २०११ च्या जनगणनेवर. आपल्या भागाचा इष्टांक भरला असेल तर नवं नाव चढत नाही, जुनं कुणी वगळलं तरच जागा होते. दिवा, मुंब्रा, घणसोली २०११ नंतर किती वाढलं ते तुम्हीच बघा.

मुलांपुरतं सांगतो. कार्डावर तीन नावं आणि घरात पाच तोंडं हे मी रोज बघतो. धाकट्या दोघांची नावं चढलेलीच नसतात. म्हणजे पाचजण १५ किलोत महिना काढतात. डाळ, तेल, गॅस हे वेगळंच. ज्या घरातली मुलं महिनाअखेरीला दिसेनाशी होतात तिथे मी पहिला प्रश्न हाच विचारीन: कार्डावर नावं किती?

आता ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवणं. प्रत्येकाचा अंगठा मशीनवर लागला पाहिजे, नाहीतर त्या माणसाचं धान्य अडकू शकतं. मजुराचे ठसे झिजलेले असतात, धुणं-भांडी करणाऱ्या बाईचेही. मुलांची अडचण वेगळी. आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यायचे असतात, ते दिलेले नसतात, म्हणून जुळत नाहीत. ताई, तुमच्या नववीच्या मुद्द्याशी हे जोडून बघा. शाळेतलं ताट आठवीनंतर बंद होतं आणि साधारण त्याच वयात आधारचे ठसे जुने होतात. दोन्हीकडून एकाच वेळी.

गावचं कार्ड असेल तर ते रद्द करून इकडे नवं काढायला सांगणाऱ्या एजंटांपासून सावध राहा. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे बीडच्या किंवा आझमगडच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य घेता येतं, आणि निम्मं घर गावी असेल तर प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी आपला वाटा उचलता येतो. दुकानदार "बाहेरचं चालत नाही" म्हणाला तर १९६७ वर तक्रार करता येते.

---

येऊरच्या_पायथ्याशी

भर घालते. येऊरचे पाडे आणि भिवंडी-शहापूरकडच्या कातकरी कुटुंबांत हे चक्र महिन्याचं नसून वर्षाचं आहे. पावसाळ्याच्या शेवटी घरात काही उरत नाही तेव्हा वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात. ती खाऊन संपते आणि दिवाळीनंतर अख्खं घर ती फेडायला भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडापर्यंत. मूल पटावर गावच्या शाळेत, अंगाने भट्टीवर. शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण ते कार्ड निघण्याआधीच टेम्पो निघालेला असतो. इथे गैरहजेरी रोखायची असेल तर काम भाद्रपद-आश्विनात करावं लागेल, कारण उचल तेव्हा घेतली जाते.

---

नेरुळकर

सगळे प्रतिसाद वाचले. इष्टांकाचं मला माहीत नव्हतं. दारूचा मुद्दा मी सोडत नाही, तो आहेच. पण तारखेचा युक्तिवाद वजनदार आहे.

आमच्या सोसायटीत निधी जमतो, गणपतीनंतर बराच शिल्लक राहतो. सकाळी शाळेत केळं आणि उकडलेलं अंडं असं काही देता येईल का? खर्चाचा अंदाज मी काढतो. शाळेने घेतलं पाहिजे मात्र.

---

वर्गशिक्षिका_दिघा

नेरुळकर दादा, मनापासून आभार. याचं उत्तर जरा विस्ताराने देते, कारण यात करण्यासारखं खूप आहे आणि बिघडण्यासारखंही.

अंड्याचं राज्यानेही केलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून करा असं सांगण्यात आलं. म्हणजे तुमच्यासारख्यांनी पुढे यावं अशीच रचना आता आहे. मला हे पटत नाही. मुलाच्या अंड्याची जबाबदारी गणपतीच्या शिल्लक वर्गणीवर असू नये. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली आणि पुढच्या वर्षी राज्यभर नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही न्याहारीचा उल्लेख आहे. आपल्या दोन्ही महापालिकांना हे झेपणार नाही असं मला वाटत नाही.

तोपर्यंत तुम्ही देत असाल तर मी मुख्याध्यापकांशी बोलते. दोन अटी माझ्याकडून. सगळ्या वर्गाला द्यायचं, "गरजू" निवडायचे नाहीत. निवड झाली की कळव्याच्या काकूंनी सांगितलं तेच होणार, ज्याला गरज आहे तोच येणं थांबवणार. आणि फोटो नाही. सोसायटीच्या गटात टाकायलासुद्धा नाही. शिवाय रोज जमत नसेल तर पंचवीस तारखेपासून दहा तारखेपर्यंत द्या, आणि सोमवार चुकवू नका.

नववी-दहावीचा विचार मात्र आधी करा, कारण पहिली ते आठवीला निदान खिचडी आहे. आठवड्याला एक लोहाची गोळी शाळेत देतात, मोठ्या मुलांना निळी. ती जेवणानंतर घ्यायची असते. खिचडी मिळणारी मुलं जेवून घेतात. नववीच्या मुली उपाशीपोटी घेतात, मळमळतं, पुढच्या वेळी गोळीच्या दिवशी शाळाच बुडवतात. रक्तक्षय ज्यांना सगळ्यात जास्त, त्यांनाच गोळीही लागत नाही आणि एक दिवसही जातो. त्या एका दिवशी गोळीआधी पोळी-भाजी किंवा दोन केळी दिली तरी हे थांबेल. यापेक्षा स्वस्त काम मला तरी सुचत नाही.

शाळेकडून मी काय करणार आहे तेही लिहिते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पुढच्या सभेत मी तारखांप्रमाणे हजेरी मांडणार आहे, कुणाचंही नाव न घेता, फक्त कुठल्या तारखेला किती मुलं कमी. उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभं करायचं नाही हे आमच्या वर्गापुरतं आजपासून. माथाडीपुत्र दादा, हे तुमच्या प्रतिसादामुळे. आणि खिचडी एखाद्या दिवशी आलीच नाही तर २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलाला अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा, ते समितीतल्या आयांना सांगायचं आहे. मागायचं असतं हेच कुणाला माहीत नसतं.

शिधा_मदतकेंद्र, एक विचारायचं होतं. पालकसभेला बहुतेक आयाच येतात, कार्ड मात्र सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आहे असं म्हणतात आणि अर्ज करायला कचरतात. त्यांनी काय करायचं?

---

शिधा_मदतकेंद्र

कायद्याप्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख. जुन्या कार्डावर पुरुषाचं नाव असलं तरी बदलून मिळतं. मुलांची नावं चढवायला थांबायची गरज नाही, घरातल्या कुणीही अर्ज भरू शकतं. जन्मदाखला, मुलाचं आधार आणि मूळ कार्ड आणायला सांगा. जन्मदाखला नसेल तर आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात पाठवा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

पंधरा पूर्ण झालेल्यांना आधी आधार केंद्रावर ठसे नवे करून घ्यायला सांगा, मग काही दिवसांनी रेशन दुकानात केवायसी. उलट क्रमाने गेलं तर अंगठा नाकारला जातो आणि बाईचा रोज फुकट जातो. दुकान आपलंच हवं असं नाही, जवळचं कुठलंही चालतं. ज्यांचे ठसे लागतच नाहीत त्यांच्यासाठी चेहरा दाखवून केवायसी करायचं सरकारी ॲप आहे, ते आमच्यातलं कुणीही करून देईल.

पालकसभा पगाराच्या आठवड्यात ठेवा, रविवारी. त्या आधीच्या आठवड्यात कुणी येणार नाही.

---

माथाडीपुत्र

मी येतो त्या रविवारी. फॉर्म भरायला दोन-तीन पोरं घेऊन येतो, मार्केटमधलीच आहेत, लिहिता-वाचता येतं. हिंदी बोलणाऱ्या आया किती असतील ते कळवा, त्याप्रमाणे माणसं आणतो.